जुन्या गाडीत पेट्रोलचा वास येतोय? गळती शोधताना या चुका टाळा

पेट्रोलचा वास मारणारी जुनी गाडी समोर आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आतापर्यंत काय काय बदललंय? उत्तरही ठरलेलंच. टाकीचं झाकण बदललं, मग पर्ज व्हॉल्व्ह, मग कॅनिस्टर. वास आहे तिथेच आहे. सगळा खर्च पार्टवर झालेला असतो आणि गळती नेमकी कुठून होते हे एकानेही डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. मला याचा खरंच त्रास होतो, कारण ही गळती दाखवता येते. तेवढा वेळ द्यायची तयारी मात्र हवी.

आधी यंत्रणा थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या निम्म्या चुका ती न समजल्यामुळे होतात. टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होत असते. ती वाफ पाइपातून कॅनिस्टरमध्ये जाते आणि तिथले कोळशाचे दाणे ती धरून ठेवतात. इंजिन गरम होऊन चालू लागलं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इन्टेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेच्या, ओढीने ती वाफ इंजिनात जाते आणि जळते. तिच्या जागी बाहेरची हवा कॅनिस्टरच्या व्हेंटमधून आत येते. दोन्ही व्हॉल्व्हचा स्वभाव उलटा असतो, तो लक्षात ठेवा: वीज नसताना पर्ज व्हॉल्व्ह बंद असतो आणि व्हेंट व्हॉल्व्ह उघडा असतो. कार्बोरेटरच्या बऱ्याच गाड्यांत व्हेंटला व्हॉल्व्हच नसतो, कॅनिस्टरचा तळ सरळ उघडा असतो.

वाफ आहे की ओलं पेट्रोल, हे न पाहता सुरुवात करणं

बोनेट उघडा, गाडीखाली वाका आणि कोरड्या पांढऱ्या कापडाने फिल्टर, इंजिनकडे जाणारी लाइन, इंजेक्टरची रेल, टाकीचा तळ असं एकेक पुसून बघा. इंजेक्शनच्या गाडीत त्या लाइनमध्ये साधारण तीन बारचा दाब असतो. तिथे ओल लागली तर विषय वाफेचा राहिलाच नाही. गाडी सुरू करू नका, टो करून न्या.

सगळं कोरडं असेल तर मालकाला नीट विचारा की वास येतो कधी. टाकी भरल्यावर येत असेल तर भरणीचा पाइप किंवा टाकीच्या माथ्यावरची पंपाची सील. गाडी फिरवून उभी केल्यावर बोनेटमधून येत असेल तर पुढचे वाफेचे पाइप, आणि कॅनिस्टर पुढेच असेल तर तोही. जुन्या गाडीत कार्बोरेटरचा बाऊल, म्हणजे त्यातली पेट्रोल साठणारी वाटी. मागच्या सीटपाशी आत येत असेल तर सीटखालचं पंपाचं झाकण उघडून बघा. या दोन मिनिटांच्या बोलण्यातून निम्मी दिशा मिळते, पण नवशिक्या मुलांना स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, जोडायची घाई असते.

व्हेंट बंद न करता धूर सोडणं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

स्मोक टेस्ट म्हणजे खनिज तेल तापवून केलेला धूर अगदी कमी दाबाने यंत्रणेत सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. पद्धत उत्तम आहे. पण व्हेंट मुळातच उघडा असतो. तो बंद न करता धूर सोडला तर धूर सर्वांत सोप्या वाटेने, म्हणजे व्हेंटमधूनच निघणार. गाडी अगदी निरोगी असली तरी निघणार. आणि बघणारा म्हणतो, सापडली गळती, कॅनिस्टर गेला!

एक सेडान अशीच माझ्याकडे आली होती. कोड पी०४४२, म्हणजे छोटी गळती. झाकण नवं, पर्ज व्हॉल्व्ह नवा. आधीच्या गॅरेजने धूर सोडला, तो मागे कॅनिस्टरपाशी दिसला म्हणून कॅनिस्टर बदलला. काही दिवसांनी डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागला. पुन्हा धूर सोडला, पुन्हा तिथेच दिसला, म्हणून व्हेंट व्हॉल्व्ह बदलला. गाडी माझ्याकडे आली तेव्हा यंत्रणेतले सगळे महागडे पार्ट नवे कोरे होते आणि दिवा लागलेलाच होता.

मी मालकाला विचारलं, वास कधी येतो? ते लगेच म्हणाले, पेट्रोल भरून निघालो की उजव्या मागच्या चाकाकडून येतो, टाकी अर्ध्यावर आली की जातो. हे ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. कुणी लिहून घेतलं नव्हतं.

स्कॅनरवरून व्हेंट बंद करायचा हुकूम दिला, व्हॉल्व्हची टिक ऐकली आणि मग पर्ज व्हॉल्व्हच्या कॅनिस्टरकडच्या बाजूने धूर सोडला. मशीनवरच्या काचेच्या नळीतला गोळा खाली येऊन तळाशी बसला नाही, थोडा वर तरंगत राहिला. म्हणजे कुठूनतरी अजून जात होतं. काही वेळ काहीच दिसलं नाही, आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात. मग चाकाच्या वरच्या प्लास्टिक अस्तराच्या कडेने धूर रेंगाळताना दिसला. अस्तर काढलं. आत भरणीचा पाइप जिथे पट्टीने बॉडीला धरलेला असतो तिथे मातीचा थर बसला होता. माती ओली राहते, ओलीमुळे पट्टीखाली गंज धरतो आणि वरून पाइप ठणठणीत दिसत राहतो. पट्टी सोडवली, पितळी ब्रशने हलकेच घासलं, गंजाचा पापुद्रा निघाला आणि त्याखालच्या छिद्रातून केसाएवढी धुराची रेघ सरळ वर जाऊ लागली. टॉर्च तिरका धरला तरच दिसत होती.

पाइप बदलला. त्या गाडीचा मूळ कॅनिस्टर बहुधा पूर्ण चांगला होता.

स्कॅनरवरून व्हेंट बंद करता येत नसेल तर व्हेंटच्या नळीला योग्य मापाचं बूच लावा. व्हॉल्व्ह नसलेल्या जुन्या कॅनिस्टरलाही तेच. बूच लावलं आहे हे स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवून ठेवा. विसरून गाडी दिली तर टाकीला श्वासच घेता येणार नाही. आणि धूर इन्टेककडून सोडू नका: पर्ज व्हॉल्व्ह बंद असल्याने तो टाकीपर्यंत पोचतच नाही, आणि गळती नाही असा खोटा निष्कर्ष निघतो.

कंप्रेसरची हवा टाकीत भरणं

यावर माझं मत कठोर आहे: हे करणाऱ्याने या कामाला हात लावू नये. वाफेची यंत्रणा एक पीएसआयपेक्षाही कमी दाबासाठी बनवलेली असते. स्मोक मशीन साधारण अर्ध्या पीएसआयवर काम करते. कंप्रेसरच्या नळीत नव्वद-शंभर पीएसआय असतात. त्याने टाकीचा प्रेशर सेन्सर जातो, कॅनिस्टरचा सांधा उकलतो, जुन्या होस टोकाशी फाटतात. एक गळती शोधायला जाऊन तीन तयार होतात.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे हवा. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की मिश्रण पेट घेतं. टाकीत वाफ इतकी दाट असते की सहसा पेटत नाही. तुम्ही बाहेरून हवा कोंबता तेव्हा तिला त्याच धोक्याच्या पट्ट्यात आणून ठेवता. म्हणून चांगल्या मशीनला नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू जोडायची सोय असते. डबा, तापलेली तार आणि बेबी ऑइल वापरून घरी बनवलेली मशीन इन्टेकची गळती शोधायला लोक वापरतात. पेट्रोलच्या टाकीला ती कधीही जोडू नका. वेळ आणि पैसा वाचवायच्या जागा इतर पुष्कळ आहेत.

पहिल्याच मिनिटाला कोड पुसणं

कोड पुसला की दिवा जातो आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण त्याबरोबर कोड पडला त्या वेळची नोंद जाते: गाडीचा वेग, इंजिनचं तापमान, आणि बऱ्याच गाड्यांत टाकीतली पातळी. शिवाय गाडीची स्वतःची तपासणी शून्यापासून सुरू होते. ही तपासणी रोज होईलच असं नाही. बऱ्याच गाड्यांत टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली आणि इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय ती सुरूच होत नाही. त्यामुळे दिवा चार दिवस लागला नाही याचा अर्थ काहीच होत नाही. याच चार दिवसांत लोक खात्रीने सांगतात की झाकण बदललं आणि काम झालं.

कोड आधी लिहून घ्या. पी०४५५ म्हणजे मोठी गळती: निसटलेला पाइप, उघडं झाकण, उघडा राहिलेला व्हेंट. पी०४४२ साधारण एक मिलिमीटरच्या छिद्राएवढी आणि पी०४५६ साधारण अर्ध्या मिलिमीटरएवढी. कोड गळतीचा आकार सांगतो, जागा सांगत नाही.

पर्ज व्हॉल्व्ह न तपासता बदलणं

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना सुरू करा, आयडलिंगवर ठेवा आणि व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढून तोंडावर बोट धरा. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, कारण थंड इंजिनवर तो बंद असायला हवा. ओढ नसेल तर निदान उघडा अडकलेला नाही. पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू व्हायला कुरकुरते, पहिला मिनिटभर थरथरते, अशी तक्रार असेल तर संशय याच व्हॉल्व्हवर घ्या. काढल्यावर तो तळहातावर आपटून बघा. काळे बारीक दाणे पडले तर कॅनिस्टर आतून फुटलाय. नुसता व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही, नवाही तेच दाणे खाऊन अडकेल. आधी कॅनिस्टर बदला आणि मधला पाइप झटकून साफ करा.

कॅनिस्टरची ही अवस्था होण्याचं एक मोठं कारण म्हणजे नोझल बंद पडल्यावरही आणखी पेट्रोल भरणं. कॅनिस्टर वाफेसाठी आहे. त्यात पातळ पेट्रोल शिरलं की कोळसा भिजून निकामी होतो. नोझल थांबलं की थांबा.

आता थोडक्यात, पण तितक्याच ठामपणे:

झाकण बदलण्याआधी त्याचा रबरी वायसर आणि भरणीच्या तोंडाची कड कापडाने पुसून बघा. कडेवर गंज असेल तर कितीही झाकणं बदला, बसणार नाहीत. जुन्या गाडीला त्याच जातीचं झाकण लावा. हवा घेणारं झाकण बंद यंत्रणेवर लावलं तर ती गळती तुम्हीच बसवलीत. उलट केलंत तर टाकीत ओढ तयार होऊन इंजिनला पेट्रोल कमी पडेल.

होस पक्कडीने चिमटू नका. जुनं रबर आतून तडकतं आणि बाहेरून दिसत नाही. होस क्लिपखालच्या टोकाशी आधी फाटते, म्हणून क्लिप मागे सरकवून, टोक वाकवून बघा. पाण्याची किंवा साधी व्हॅक्यूमची होस पेट्रोलच्या वाफेला चालत नाही, ती फुगते. पेट्रोलसाठीचीच घ्या.

पंपाच्या सीलला सिलिकॉन लावू नका. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सोलपटतं. जुनी ओ-रिंग काढली की फुगते आणि खाचेत परत नीट बसत नाही. नवी घालायची, आणि नवी हातात आल्याशिवाय पंप उघडायचाच नाही.

तापणारा बल्ब घेऊन गाडीखाली जाऊ नका. एलईडी टॉर्च वापरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती खाली, खड्ड्यात साचते. दारं उघडी ठेवा, बॅटरी चार्जर दुसरीकडे न्या.

नाकावर फार वेळ भरवसा ठेवू नका. पंधरा-वीस मिनिटांत नाक त्या वासाला सरावतं आणि गळती बंद झाली असं वाटू लागतं. बाहेर जाऊन या, मग पुन्हा हुंगा. पण मुद्दाम नाक लावून खोल श्वास घेऊ नका, पेट्रोलच्या वाफेत बेंझिन असतं आणि ते कर्करोगाला कारण ठरतं.

दुरुस्ती झाल्यावर व्हेंट बंद करून धूर पुन्हा सोडा, कारण जुन्या गाडीत एका गळतीमागे दुसरी असण्याची शक्यता दांडगी असते. मोठी बंद झाली की मगच छोटीतून धूर दिसतो. मशीनचा गोळा तळाशी बसला की मगच कोड पुसा, टाकी अर्धी ठेवा, गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी थंड इंजिनवर नेहमीच्या रस्त्याने फिरवा. स्कॅनरवर वाफेच्या यंत्रणेची तपासणी पूर्ण झालेली दिसली आणि पेंडिंगमध्येही, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या कोडच्या यादीतही, काही नसलं, की गाडी मालकाला द्या. कार्बोरेटरच्या गाडीला हा दाखला मिळत नाही. ती टाकी भरून दिवसभर उन्हात उभी करा आणि संध्याकाळी बाहेरून येणाऱ्या दुसऱ्या कुणालातरी तिच्याभोवती फिरून हुंगायला सांगा.