रेझ्युमेमध्ये पदवीच्या शेजारी व्यवसाय-प्रमाणपत्रे प्रामाणिकपणे कशी लिहावीत

रेझ्युमे कसा लिहावा हे सांगणारे बहुतेक लोक प्रमाणपत्रांचा विषय ‘तीही शिक्षणाच्या रकान्यात टाका, वजन वाढते’ एवढ्यावर उरकतात. माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या रेझ्युमेंमधले बरेचसे घोळ याच सल्ल्यातून निघालेले असतात. ते रेझ्युमे घेऊन येणाऱ्यांपैकी जाणूनबुजून खोटे लिहिणारे फार थोडे. बाकीच्यांनी अभ्यासक्रम मेहनतीने पूर्ण केलेला असतो, प्रमाणपत्रही अस्सल असते. तरीही कागदावरची ओळ वाचणाऱ्याच्या मनात जी समजूत करून देते, ती खरी नसते. खालील पद्धत त्या ओळीपुरती आहे. रेझ्युमेचा उरलेला भाग तयार आहे असे येथे गृहीत धरले आहे.

१. मूळ कागद समोर ठेवा

आठवणीवर विसंबून लिहू नका. प्रत्येक प्रमाणपत्रावरून कार्यक्रमाचे पूर्ण नाव, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव, पूर्ण झाल्याची तारीख, पडताळणीचा क्रमांक किंवा लिंक आणि मुदत असल्यास ती मुदत जशीच्या तशी उतरवून घ्या. तळाशी बारीक अक्षरांत छापलेला मजकूरही वाचा. विद्यापीठांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या काही प्रमाणपत्रांवर तेथेच लिहिलेले असते की या कागदाने विद्यापीठाची पदवी, श्रेणी वा क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे गुणांक) मिळत नाही आणि संबंधित व्यक्ती विद्यापीठात विद्यार्थी म्हणून दाखल होती असेही सिद्ध होत नाही. संस्थेने स्वतःच हे छापून दिले असेल, तर तिच्या नावावर त्याहून मोठा दावा करण्याची सोय उरत नाही.

२. प्रकार ठरवा

‘प्रमाणपत्र’ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या किमतीच्या गोष्टी येतात आणि त्या एकाच टोपलीत टाकल्या की चांगल्या प्रमाणपत्राचेच नुकसान होते.

विद्यापीठाने रीतसर प्रवेश देऊन, क्रेडिटसह शिकवलेला आणि अधिकृत गुणपत्रकावर नोंदलेला पदव्युत्तर प्रमाणपत्र किंवा पदविका अभ्यासक्रम हा एक प्रकार. तो शिक्षणाच्या रकान्यात पदवीच्या खाली लिहिता येतो, कारण विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे चौकशी केली तर तुमचे नाव तेथे सापडते.

दुसरा प्रकार व्यावसायिक प्रमाणनाचा. यात शिकवणारा कोणीही असला तरी परीक्षा घेणारी संस्था स्वतंत्र असते, अनुभवाची अट असते आणि बहुधा नूतनीकरणही असते. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचे पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) हे याचे ठळक उदाहरण: ते टिकवायचे तर दर तीन वर्षांनी ६० पीडीयू, म्हणजे व्यावसायिक विकासाचे गुणांक, जमवावे लागतात. पीएमपीच्या परीक्षेसाठी तुम्ही कोणत्या तरी शिकवणी संस्थेत केलेला तयारीचा वर्ग म्हणजे पीएमपी नव्हे. हे सांगावे लागू नये, परंतु लागते.

तिसरा प्रकार व्यवस्थापन संस्थांच्या कार्यकारी (म्हणजे नोकरीतल्या व्यवस्थापकांना शिकवणाऱ्या) किंवा ऑनलाइन शाखांनी दिलेल्या पूर्णता-प्रमाणपत्रांचा, आणि खरी गोम याच प्रकारात आहे. चौथा प्रकार हजेरीच्या कागदांचा: दोन दिवसांची कार्यशाळा, एका दुपारचा वेबिनार. हे कागद फाइलमध्येच राहू द्या.

३. ओळ लिहिणे

या टप्प्यावर मी इतर सर्व टप्प्यांपेक्षा जास्त वेळ घालवला आहे आणि माझी मते येथे पक्की आहेत. अडचण अशी की ओळीतला प्रत्येक शब्द खरा असूनही ती ओळ फसवी ठरू शकते. एक नमुना पाहू.

‘हार्वर्ड बिझनेस स्कूल, २०२३–२०२४. बिझनेस अ‍ॅनालिटिक्स, इकॉनॉमिक्स, फायनान्शियल अकाउंटिंग.’

ही ओळ शिक्षणाच्या रकान्यात, पदवीच्या वर, संस्थेचे नाव ठळक करून लिहिलेली आहे असे समजा. वाचणारा माणूस ओळीवरून नजर फिरवतो, ठळक नाव आणि दोन वर्षे टिपतो आणि ‘हार्वर्डचे एमबीए’ असे मनाशी म्हणून पुढे सरकतो. प्रत्यक्षात उमेदवाराने त्या संस्थेच्या ऑनलाइन शाखेचा ‘कोर’ हा काही आठवड्यांचा कार्यक्रम डिसेंबरमध्ये सुरू करून पुढच्या वर्षाच्या सुरुवातीस संपवलेला असतो. कार्यक्रम चांगला आहे, त्यात नेमके हेच तीन विषय असतात आणि तारखाही खोट्या नाहीत. तरीही पुढे पडताळणीत किंवा मुलाखतीत खुलासा झाला की पितळ उघडे पडल्यासारखे होते आणि मग त्याच कागदावरची खरी पदवीसुद्धा संशयाने वाचली जाते.

तीच ओळ अशी लिहावी:

‘प्रमाणपत्र: क्रेडेन्शियल ऑफ रेडिनेस (कोर), हार्वर्ड बिझनेस स्कूल ऑनलाइन, मार्च २०२४.’

येथे तीन बदल केले आहेत आणि तिन्ही जसेच्या तसे ठेवावेत असा माझा आग्रह आहे.

पहिला बदल, प्रकार सर्वांत आधी. वाचणाऱ्याची नजर संस्थेच्या नावापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याला हे प्रमाणपत्र आहे हे कळले पाहिजे. ‘प्रमाणपत्र’ हा शब्द ओळीच्या शेवटी, कंसात, फिकट अक्षरांत टाकणारे लोक मला म्हणतात की ‘लिहिले तर आहे’. लिहिले आहे हे खरे, पण ते वाचले जाऊ नये अशा बेताने लिहिले आहे. ठळक अक्षरे कोठे वापरली, हाही प्रामाणिकपणाचाच भाग असतो. पदवीची नावे ठळक असतील तर प्रमाणपत्राच्या ओळीत संस्थेचे नाव ठळक करू नये.

दुसरा बदल, देणाऱ्याचे नेमके नाव. विद्यापीठ, त्याची व्यवस्थापन संस्था, त्या संस्थेची ऑनलाइन शाखा आणि अभ्यासक्रम जेथे चालतो तो मंच या चार वेगळ्या गोष्टी आहेत. नाव कागदावर जसे आहे तसेच लिहावे, एक पायरीही वर चढवू नये. नाव पुढे बदलले असेल तर दोन्ही द्यावीत: वरील ऑनलाइन शाखा २०१९ पर्यंत एचबीएक्स या नावाने ओळखली जात होती, त्यामुळे जुन्या प्रमाणपत्रधारकांनी ‘एचबीएक्स, आताचे हार्वर्ड बिझनेस स्कूल ऑनलाइन’ असे लिहिले की चौकशी करणाऱ्याची धावपळ वाचते. कंपन्यांच्या अभ्यासक्रमांनाही हाच नियम लागू आहे. गूगलचा प्रकल्प व्यवस्थापनाचा कार्यक्रम कोर्सेरा या ऑनलाइन मंचावर पूर्ण केला असेल, तर ‘गूगल, कोर्सेरामार्फत’ असे लिहावे. नुसते ‘गूगल’ लिहिले तर तुम्ही तेथे कामाला होतात असा समज होण्याला फारसा वेळ लागत नाही.

तिसरा बदल, वर्षांच्या पट्ट्याऐवजी पूर्ण झाल्याचा महिना आणि वर्ष. दोन वर्षांच्या मधली ती लहानशी रेघ रेझ्युमेतली सर्वांत लबाड खूण आहे. आठ आठवड्यांचा कार्यक्रम नववर्षाच्या आगेमागे पडला म्हणून तो दोन वर्षांचा होत नाही. कालावधी सांगण्याजोगा असेल तर तो तासांत किंवा आठवड्यांत सरळ लिहावा. मोठा असेल तर त्याने मान वाढतो आणि लहान असेल तर निदान कोणाची दिशाभूल होत नाही.

काही कार्यक्रमांची नावेच अशी ठेवलेली असतात की घोटाळा व्हावा. ‘मिनी एमबीए’ हे एमबीए नाही. एडएक्स या ऑनलाइन मंचावरचा ‘मायक्रोमास्टर्स’ ही पदव्युत्तर पदवी नाही. त्यातील क्रेडिट काही विद्यापीठे पुढे ग्राह्य धरतात, परंतु त्यासाठी तेथे वेगळा प्रवेश मिळवून उरलेला अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. कार्यक्रमाचे नाव बदलणे तुमच्या हाती नाही, म्हणून नाव पूर्ण लिहून त्याच्या आधी ‘प्रमाणपत्र कार्यक्रम’ असे जोडावे. भरती करणाऱ्या संगणकप्रणालीने शोधशब्द पकडावा म्हणून कौशल्यांच्या यादीत सुटे ‘एमबीए’ पेरण्याचा सल्ला मी ऐकला आहे. तो देणाऱ्याकडून रेझ्युमेविषयी आणखी काहीही ऐकून घेऊ नये.

नावापुढे लावायच्या अक्षरांबाबतही असेच कडक राहावे. सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट) परीक्षेच्या तीन पातळ्या आहेत, पण दुसरी पातळी उत्तीर्ण झालेल्याला नावापुढे ‘सीएफए लेव्हल टू’ असे लावता येत नाही. अर्धवट पदनाम सीएफए इन्स्टिट्यूटला मान्यच नाही. ‘सीएफए कार्यक्रमाची दुसरी पातळी उत्तीर्ण’ असे वाक्य मात्र प्रमाणपत्रांच्या यादीत चालते. तिसरी पातळी पार केल्यावरसुद्धा किमान ३६ महिन्यांत मिळून ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव आणि सदस्यत्व या अटी पूर्ण झाल्यावरच ती तीन अक्षरे नावापुढे येतात.

‘एवढे बारीक कोण बघतो?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. याहू कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्कॉट थॉम्पसन जानेवारी २०१२ मध्ये रुजू झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना जावे लागले. त्यांची पदवी खरी होती, अकाउंटिंगची. अधिकृत परिचयात मात्र तिच्या जोडीला कॉम्प्युटर सायन्सही लागले होते. ते कोणी तरी पाहिलेच.

ओळ झाली की तिची परीक्षा घ्या. तुमचे शिक्षण ठाऊक नसलेल्या माणसाला रेझ्युमे दहा सेकंद दाखवा, कागद काढून घ्या आणि ‘माझ्याकडे कोणकोणत्या पदव्या आहेत?’ असे विचारा. उत्तरात तुमच्याकडे नसलेली एक जरी पदवी आली, तरी ओळ बदला. त्याला समजावून सांगत बसू नका, कारण भरती करणाऱ्याशेजारी तुम्ही समजावायला नसणार.

४. जागा

शिक्षणाचा रकाना पदव्यांसाठी आणि वर सांगितलेल्या पहिल्या प्रकारच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांसाठी राखावा आणि त्याच्या लगेच खाली ‘व्यावसायिक प्रमाणपत्रे’ असे स्वतंत्र शीर्षक द्यावे. अर्ज केलेल्या कामाशी संबंध असलेली तीन-चार पुरेत. पदवी अपूर्ण असेल तर ‘अभ्यासक्रम अपूर्ण’ असे लिहून वर्षे द्यावीत. प्रमाणपत्रांचा ढीग रचून ती जागा झाकू नये. पदवीच नसेल तर शिक्षणाच्या रकान्यात जे शिक्षण झाले आहे ते लिहावे आणि प्रमाणपत्रे त्यांच्या जागीच भक्कमपणे मांडावीत.

५. चालू, मुदत संपलेली आणि नुसती पाहिलेली

चालू अभ्यासक्रमापुढे ‘चालू’ आणि अपेक्षित महिना लिहा. मुदत संपलेले प्रमाणन नावापुढून काढा. ते सांगणे आवश्यकच असेल तर यादीत ‘२०१८–२०२१’ असा वैधतेचा काळ द्या. वर्षांची रेघ खरोखर उपयोगी पडते ती येथे. मोफत व्हिडिओ पाहिले पण प्रमाणपत्र घेतले नाही, तर यादीत नोंद करू नये. शिकलेली गोष्ट कामाच्या वर्णनात दिसू द्यावी.

६. ऑनलाइन अर्ज आणि लिंक्डइन

रेझ्युमे नीट लिहून लोक येथे घसरतात. अर्जातील ‘सर्वोच्च शैक्षणिक पात्रता’ या यादीतून पर्याय निवडताना कार्यकारी कार्यक्रमाच्या जोरावर ‘पदव्युत्तर’ निवडू नका. त्या अर्जाच्या शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ या ओळीसमोर तुम्ही खूण करता आणि पडताळणी करणारी कंपनी रेझ्युमेइतकाच हा अर्जही प्रमाण मानते.

लिंक्डइनवर शिक्षण आणि परवाने-प्रमाणपत्रे असे दोन वेगळे विभाग आहेत. लहान कार्यक्रम शिक्षणात टाकला की तुम्ही त्या संस्थेच्या पानावर माजी विद्यार्थ्यांत मोजले जाता. माजी विद्यार्थी म्हणवून घेता येते की नाही हे संस्था ठरवते आणि तिचे नियम कार्यक्रमागणिक वेगळे असतात: हार्वर्ड बिझनेस स्कूल अ‍ॅडव्हान्स्ड मॅनेजमेंट प्रोग्राम पूर्ण करणाऱ्यांना हा दर्जा देते, जरी त्या कार्यक्रमातून पदवी मिळत नाही. म्हणून ‘माजी विद्यार्थी’ लिहिण्यापूर्वी तुमच्या कार्यक्रमाच्या पानावर तो दर्जा स्पष्ट शब्दांत दिलेला आहे का ते पाहा, आणि तेथे तो आढळला नाही तर तो शब्द गाळा.