आई-बाबांचा फोन आता पावसातही लागतो

आई-बाबा राजापूरजवळच्या वाडीत दोघंच राहतात, मी पुण्यात. जांभ्याच्या जाड भिंतींमुळे घरात मोबाइलला रेंज नाही. बोलायला बाबांना अंगणात यावं लागायचं. भर पावसात, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून. फोन लावतानाच माझा जीव वर-खाली व्हायचा.

घरात फायबरचं इंटरनेट होतंच. दोघांच्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू केलं. आता नेहमीचाच कॉल वाय-फायवरून येतो, वेगळं अ‍ॅप लागत नाही. आईला नवं काही शिकावं लागलं नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. (हँडसेट आणि सिमची कंपनी, दोन्हींकडे ही सोय हवी.)

मग प्रश्न उरला विजेचा. वादळात वीज गेली की वाय-फाय देणारा राउटर बंद. त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारी बॅटरी, जोडला. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट नक्की बघा, ९ व्होल्टचेही राउटर असतात.

झाड पडून केबलच तुटली तर मात्र इलाज नाही. त्यासाठी शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलंय. त्या घरी डोकावतात आणि रेंज येते तिथून मला कळवतात.