आगोटीआधी चर्चच्या कमिटीची तयारी

मे महिन्यात घरोघरी आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरलं जातं. मिरची, सुकी मासळी, कोकमं, सरपण. ज्यांच्याकडे हे भरायला पैसा नसतो त्यांच्यासाठी पॅरिशने, म्हणजे गावच्या चर्चच्या मंडळीने, काही करायचं असेल, तर तेही मेमध्येच ठरायला हवं. १ जूनला यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, खलाशाची कमाई थांबते, आणि आपण जुलैत कुणाच्या घरावर माड पडला की तांदळाच्या पिशव्या घेऊन धावतो. पुढची तयारी वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंतच्या कुठल्याही लहान चर्चला जमेल अशी आहे. पैसा फार लागत नाही. तहसील कार्यालयात अख्खा दिवस घालवायला तयार असलेली चार माणसं लागतात, आणि तीच मिळत नाहीत.

आधी एक वही घ्या आणि दोघादोघांनी घरं फिरायला लागा. जोडीत एक बाई असलीच पाहिजे. ‘काय हवं?’ असं विचारू नका, कारण आपल्याकडे जे आहे तेच लोक मागतात. घर कशावर चालतं, पावसात त्यातलं काय बंद पडतं, देणं कुणाचं आहे, आजारी कोण आहे, हे विचारा. दोघांनी घरी जाऊन भेटायची ही रीत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या कॅथॉलिक सेवासंस्थेची. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांना जमवून ती सुरू केली. पण कुठल्या घरात जायचं हे त्या पोरांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाट दाखवली सिस्टर रोझाली रांद्यू यांनी, ज्या तिथल्या गरीब वस्तीत आधीपासून काम करत होत्या. आपल्याकडे ही जागा आशाताईची आणि अंगणवाडीतल्या बाईंची आहे. त्यांच्याशी बोलल्याशिवाय यादी पक्की करू नका.

यादीत फक्त आपली माणसं असली तर ती यादी अपुरी आहे. होडीवरचे नेपाळी खलाशी आणि आंब्याच्या बागेतले नेपाळी राखणदार रविवारी चर्चमध्ये दिसणार नाहीत. रायगड, रत्नागिरीकडे कातकरी कुटुंबं वीटभट्टीवरून पावसाच्या तोंडावर परततात, तीही नाहीत. भट्टीवाल्याची उचल डोक्यावर घेऊनच अनेकजण परत येतात, हे लक्षात ठेवा. नेपाळी माणसाला रेशन कार्ड नाही, योजना नाही. तेव्हा दानपेटीतला रोख पैसा आधी अशांसाठी राखून ठेवा. बाकीच्यांसाठी कागद हलवता येतात.

खरं काम कागदाचंच. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत निराधार विधवेला महिन्याला १,५०० रुपये मिळतात, म्हणजे वर्षाला १८,०००. एका घराला दरवर्षी एवढी रक्कम द्यायची म्हटली तर कुठल्या पॅरिशला झेपेल? त्याऐवजी एक माणूस तिच्या अर्जामागे लागला तर तेवढंच तिला हक्काने मिळतं. अर्जाला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला आणि वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. इतक्यात कोण जगतं, हा वाद तलाठ्याशी घालून उपयोग नाही. त्या बाईबरोबर दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात जाऊन रांगेत उभं राहायचं. मंजूर झालेले पैसेही अडकतात, बहुतेक वेळा आधार बँकखात्याला जोडलेलं नसतं म्हणून, किंवा हयातीचा दाखला दिलेला नसतो म्हणून. वहीत प्रत्येक नावापुढे तेवढं एक तपासून ठेवा.

रेशनचंही तसंच. पिवळ्या अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो धान्य आहे, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तरी काजू फोडणाऱ्या बायका रिकाम्या पिशव्या घेऊन परत येतात. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, बोटांच्या टोकांवर काळे डाग पडतात, रेषा झिजतात आणि दुकानातल्या मशीनवर ठसा उमटत नाही. ‘बोटां लागणत नाय’ म्हणून हसत सांगतात, पण तो महिना गेलेला असतो. डोळ्यांनी किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ओळख पटवता येते का, हे दुकानदाराला आपल्यातल्या कुणीतरी समोर उभं राहून विचारायला हवं. एकट्या म्हातारीने विचारलं तर तो उद्या ये म्हणतो.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचं वर्ष १ जूनला सुरू होतं. हप्ता २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. मेअखेरीस खात्यात २० रुपये नाहीत म्हणून समुद्रावर जाणाऱ्या माणसाचा विमा तुटतो. मेच्या तिसऱ्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर पासबुकं घेऊन या असं सांगा, लागेल तिथे तेवढे पैसे भरा. सगळ्या तयारीत एवढं स्वस्त दुसरं काही नाही.

उसनवारीकडे वळू. मासळी विकणाऱ्या बाईला पावसात सुक्या मासळीवर धंदा चालवता येतो, पण माल एप्रिल-मेमध्ये स्वस्तात उचलायला रोख लागते. ती रोख सावकाराकडून येते. पाच-सात बायकांना बिनव्याजी भांडवल देऊन दिवाळीपर्यंत परत घेणारी पेटी कुठल्याही चर्चला चालवता येईल. याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, वसईत, बॅसीन कॅथॉलिक बँकेची सुरुवात १९१८ सालची आहे. आपण बँक काढायला निघालेलो नाही, पण हिशोब बँकेसारखा ठेवा.

पिशव्या वाटायच्याच असतील तर तांदूळ उकडा की सुरय (न उकडलेला), ते विचारून घ्या. त्याहून बरं, वाडीतल्या दुकानदाराकडे जाऊन त्या घराची निम्मी उधारी भरून टाका. कुणाला कळत नाही, पोराला वर्गात कुणी चिडवत नाही. फोटो मात्र नको. ओळीत उभं राहून पिशवी घेतानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवायचा असेल तर पिशवी न दिलेलीच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारी शाळेत पुस्तकं आणि गणवेश आठवीपर्यंत सरकार देतं, तिथे त्यावर पैसे घालू नका. मुलींना गावाकडून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. मुलांना सवलत धरूनही एक तृतीयांश भरावा लागतो, तो भरा. छत्र्या घ्या. लावणीच्या दिवसांत लेप्टो तापाला आळा घालणाऱ्या गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात, याची घोषणा करा. गोळ्या स्वतः वाटू नका.

धर्मांतरासाठी मदत करतात, ही कुजबुज कुठे ना कुठे होणारच. तिला उत्तर देत बसण्यापेक्षा मे महिन्यातच सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटून यादीचा निकष सांगा. मदत देताना प्रार्थना नको, पत्रकं नकोत, ‘रविवारी या’ नको. आलेला आला, न आलेला न आला. गावातल्या भजनी मंडळातलं किंवा मशिदीतलं कुणी बरोबर फिरायला तयार असेल तर आनंदाने न्या.

पैशाच्या बाबतीत ढिलाई महाग पडते. पावती प्रत्येकाला द्या. २,००० रुपयांच्या वर रोख देणगीला आयकरातली देणगीची सूट मिळत नाही, हे देणाऱ्याला आधी सांगा. आखातातला आपला माणूस भारतीय पासपोर्टवर आहे आणि बँकेतून स्वतःची बचत पाठवतो, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढलाय त्याचे पैसे एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी नसताना घेता येत नाहीत, मग तो वेंगुर्ल्यात जन्मलेला असला तरी. असे पैसे प्रेमाने परत करा.

शेवटचं, वही कुणाकडे राहणार ते. फादरांच्या बदल्या बहुधा याच दिवसांत होतात आणि सगळी माहिती त्यांच्या मोबाइलमध्ये त्यांच्याबरोबर निघून जाते. म्हणून वही पॅरिशमधल्या दोघांच्या ताब्यात ठेवा, आणि नवे फादर आले की पहिल्या आठवड्यात त्यांना त्या घरांमध्ये घेऊन जा.