पक्ष्यांच्या जागतिक नकाशात नाशिकचा चौकोन कसा भरायचा

जानेवारीतल्या रविवारी नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर उभं राहायला जागा मिळत नाही. त्याच सकाळी सुरगाण्यातल्या किंवा चांदवडमधल्या एखाद्या पाझर तलावावर दुर्बीणवाला माणूस सापडणं कठीण. परिणामी पक्षीनोंदींच्या नकाशावर नांदूर मधमेश्वर ठळक उमटतं आणि बाकीचे तालुके फिके राहतात. त्या फिक्या भागात पक्षी कमी आहेत असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही. तिथे मोजायला फारसं कुणी गेलं नाही, एवढंच कळतं.

आज जगभरच्या पक्ष्यांचे वावराचे आणि स्थलांतराचे नकाशे मोठ्या प्रमाणात सामान्य निरीक्षकांच्या यादीवर, म्हणजे एका फेरीत दिसलेल्या पक्ष्यांच्या नोंदीवर, उभे आहेत. ई-बर्ड हा अशा यादी गोळा करणारा, अमेरिकेतल्या कॉर्नेल पक्षीविज्ञान लॅबचा उपक्रम २००२ पासून चालू आहे. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर बेतला होता आणि त्यात ९४२ जातींचा विचार झाला. तुमची यादी या ढिगात जाणारच आहे. ती विश्लेषणाच्या कामाची ठरावी यासाठी काही गोष्टी सुरुवातीपासून पाळाव्या लागतात.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ई-बर्डचं अ‍ॅप अगदी शेवटी विचारतं: ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही या यादीत लिहिलेत का? "हो" म्हटलं की ती पूर्ण यादी होते, आणि पूर्ण यादीत नसलेला प्रत्येक पक्षी शून्य म्हणून मोजता येतो. अमुक पक्षी १०० पूर्ण यादींपैकी किती यादींत आला, या साध्या भागाकारावरून तो कुठे नेहमीचा आणि कुठे विरळ ते ठरतं. म्हणून मोरघार आणि रोहित लिहायचे आणि कावळा, साळुंकी, पारवा सोडून द्यायचे, असं केलंत तर "नाही" म्हणा. चिमणीची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चिमण्या संपल्या अशी हळहळ वर्षानुवर्षं चालली होती. २०२० च्या अहवालात देशपातळीवर चिमणी साधारण स्थिर आणि काही महानगरांत मात्र घटलेली दिसली. कंटाळा न करता चिमणी लिहिणारे लोक होते म्हणूनच हे सांगता आलं.

घरून निघण्याआधी अ‍ॅपमध्ये भारताचा पक्षीसंच उतरवून घ्या. पेठ-सुरगाण्याकडे रेंज जाते-येते. संच फोनमध्ये असेल तर नेटशिवाय यादी लिहिता येते आणि घरी येऊन पाठवता येते. फोनचं घड्याळ आणि लोकेशन चालू आहे ना पाहा. जागेवर पोचल्यावर, पहिला पक्षी लिहिण्याच्या आधी, यादी सुरू करा आणि मार्गनोंद (तुमची वाट आणि अंतर आपोआप टिपणारी अ‍ॅपमधली सोय) चालू ठेवा. दुर्बीण ८×४२ (८ पट मोठं दाखवणारी) पुरेशी. १० पटीची हातात जास्त थरथरते. मोठ्या जलाशयावर मात्र स्पॉटिंग स्कोपशिवाय (तिपाईवर लावायच्या एकनळी दुर्बिणीशिवाय) पलीकडच्या काठची बदकं निव्वळ ठिपके राहतात.

साधारण ३० मीटरच्या आत थांबून पाहिलंत तर ती स्थिर यादी, त्याहून जास्त फिरलात तर प्रवासी यादी. गंगापूर धरणाच्या काठाने चार तास भटकून एकच लांबलचक यादी करण्याचा मोह होतो. तो टाळा. एक ते दोन किलोमीटर आणि तासाभरात संपणारी यादी सर्वांत उपयोगी, कारण पक्षी नक्की कुठल्या अधिवासात होता ते तिच्यातून कळतं. मनोऱ्यावर एक यादी, मांजरगावला गाडीने गेलात की दुसरी. त्याच वाटेने परत आलात तर अंतर एकेरीच लिहा. मार्गनोंद जाणं-येणं दोन्ही मोजते, तेव्हा आकडा हाताने दुरुस्त करावा लागतो. पाच जण एकत्र असाल तर एकानेच यादी करायची आणि बाकीच्यांना पाठवायची. पाचही जणांनी वेगवेगळ्या भरल्या तर त्याच ४० शेकाट्यांचे विश्लेषणात २०० होतात.

संख्येच्या जागी नुसती "एक्स"ची खूण करू नका. अंदाजे २०० हा आकडासुद्धा तिच्यापेक्षा कितीतरी बरा. थवा मोजायची रीत सोपी आहे. एका टोकाला दहा पक्षी खरेखुरे मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवा आणि तेवढेच तुकडे थव्यावर पुढे सरकवत जा. शेकड्यांत असतील तर तुकडा पन्नासाचा घ्या. दाट थव्यात अंदाज बहुतेकदा कमीच येतो, त्यामुळे एखादा फोटो काढून घरी पडताळून पाहा. वारकरी पक्ष्यांचा मोठा थवा स्कोपमधून डावीकडून उजवीकडे एका दमात मोजावा. एकाने आकडा सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा. दलदलीवरचा भोवत्या हा शिकारी पक्षी आला की सगळी बदकं उठतात आणि भलतीकडे बसतात. त्यानंतर पुन्हा मोजलीत तर आधीच्या संख्येत मिळवू नका. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा लहरायला लागते, तेव्हा बदकांची मोजणी त्याआधीच उरका.

जागेच्या बाबतीत मात्र हयगय अजिबात नको. रानपिंगळा या लहान घुबडाचं उदाहरण आपल्या शेजारच्या खानदेशातलंच आहे. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला खात्रीने दिसला नव्हता. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने संग्रहालयातला एक जुना नमुना लांबवला आणि तो आपण १९१४ मध्ये गुजरातेत मिळवला अशी खोटी चिठ्ठी त्याला लावली. ती चिठ्ठी खरी मानणाऱ्यांचा शोध चुकीच्या मुलखाकडे वळणार, हे उघड होतं. तिला बाजूला सारून जुन्या अस्सल नमुन्यांच्या जागांवर भर दिला गेला, आणि पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा भेटला. तुमच्या यादीत लबाडी नसेल, पण घरी बसून आठवणीने टोचलेली पिन दहा किलोमीटर सरकली तरी नकाशाचं नुकसान तेच. नांदूर मधमेश्वरसारख्या पसरलेल्या जागी हॉटस्पॉटची (अ‍ॅपमधल्या सार्वजनिक ठिकाणाची) एक पिन संपूर्ण अभयारण्यासाठी वापरण्यापेक्षा आपण उभे होतो तिथली नेमकी जागा घ्या.

आता रिकामे चौकोन भरायची पद्धत. केरळने २०१५ ते २०२० मध्ये सगळ्या राज्याचा पक्षी-अ‍ॅटलास, म्हणजे कुठे कोणते पक्षी आहेत याचा नकाशासंग्रह, केला. त्यात साधारण १.१ किलोमीटर बाजूचे चौकोन ठरवून घेतले आणि दोन ऋतूंत प्रत्येक चौकोनात पंधरा मिनिटांच्या चार यादी केल्या. आपल्या गावापुरतं हे एकट्यालाही जमतं. फोनच्या नकाशावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. दशांश चिन्हानंतरचे दोनच आकडे ठेवा, पुढचे खोडा. वर न्यायचे नाहीत, नुसते कापायचे. उरलं ते चौकोनाचं नाव. २०.१७, ७३.९८ हा पिंपळगाव बसवंतच्या आसपासचा चौकोन. आपल्या अक्षांशावर असा चौकोन उत्तर-दक्षिण १.१ आणि पूर्व-पश्चिम सुमारे १.०५ किलोमीटर भरतो. चौकोन निवडताना डोळे मिटून चिठ्ठी काढा. "तिथे पक्षी असतील" असं वाटून निवडलेला चौकोन नकाशाला पुन्हा तळ्याकडेच ओढतो.

चौकोनात चार यादी करताना जमिनीचा वाटा पाहा. तीन हिस्से द्राक्षबाग आणि एक हिस्सा नाला असेल तर यादीही तशाच वाटा. चारही नाल्यावर करून ठेवू नका. बागेत शिरण्याआधी मालकाला विचारायचंच, आणि फवारणीच्या दिवशी तर जायचंच नाही: तुमच्या तब्येतीसाठी, शिवाय त्या दिवसाची यादी खरी नसते म्हणून. घड उतरू लागले की पाखरं हाकलायला फटाके वाजतात, जाळ्या लागतात. तसं असेल तर शेऱ्यात लिहा. हंगाम दोन: मध्य जानेवारी ते मध्य मार्च आणि मध्य जुलै ते मध्य सप्टेंबर. पेठकडे श्रावणात भुरभुर थांबेपर्यंत वाट पाहावी लागते. धो धो पावसात केलेल्या पंधरा मिनिटांना फार अर्थ नाही. एकही पक्षी दिसला नाही तरी यादी पाठवा.

स्थलांतराच्या नोंदीतही शून्याचीच गरज पडते. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून २००७ मध्ये सुरू झालेल्या मायग्रंटवॉच उपक्रमात चातकाच्या पहिल्या दर्शनाच्या तारखा गोळा केल्या जात. आफ्रिकेतून येणारा चातक आपल्याकडे पावसाच्या तोंडावर पोचतो. पण "६ जूनला पहिला चातक" या ओळीला आधी न दिसल्याच्या नोंदींचा आधार लागतो. ५ जूनला तुम्ही बाहेरच पडला नसाल, तर ती तारीख चातकाची की तुमच्या सुट्टीची? म्हणून १५ मेपासून जून अखेरपर्यंत आठवड्यातून दोनदा, त्याच माळावर, सकाळी पंधरा मिनिटं. भोरड्यांसाठी (गुलाबी मैनांसाठी) हेच ऑगस्टच्या सुरुवातीपासून करा आणि जाण्याची तारीखही मिळवा. मार्च-एप्रिलमध्ये लोक थंडावतात, त्यामुळे परतीच्या नोंदी नेहमी तोकड्या पडतात.

ओळख चुकण्याचा मुख्य काळ सप्टेंबर-ऑक्टोबर. नुकती आलेली नर बदकंही तेव्हा मादीसारखीच तपकिरी दिसतात. थापट्या चोचीवरून सुटतो, तलवार बदक लांब मान आणि करड्या चोचीवरून, भिवई चेहऱ्यावरच्या पट्ट्यांवरून. तरीही खात्री नसेल तर "बदक, जात अनिश्चित" हा पर्याय अ‍ॅपमध्ये आहे आणि तो वापरण्यात कमीपणा नाही. मराठी नावांनी आणखी घोळ होतो: एकाच फुलिका अट्राला कुणी वारकरी म्हणतं, कुणी चांदवा. वादाच्या वेळी शास्त्रीय नाव धरा.

दुर्मीळ नोंदीवर अ‍ॅप शेरा मागतं. "स्पष्ट दिसला" हा शेरा होत नाही. आकार कशाएवढा, चोच, पाय, पंखावरची खूण, उजेड कुठून होता, जवळची कुठली जात का नाही, हे लिहा. नोंदी तपासणाऱ्या स्थानिक परीक्षकाचा मेल आला तर तो तुमच्यावर संशय नसतो. उत्तर द्या, नाहीतर नोंद अडकून राहते.

अंजनेरीच्या कड्यावरची गिधाडं लांबून मोजा आणि घरट्याची कपार समाजमाध्यमांवर टाकू नका. घुबडांच्या ढोलीचंही तसंच.

पायात कडं किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर फोटो घ्या आणि लगेच वहीत उतरवा: रंग, उजवा पाय की डावा, सांध्याच्या वर की खाली, त्यावरची अक्षरं वरून खाली की खालून वर. मंगोलियात पट्टकादंब हंसांच्या मानेत अशी रंगीत कडी घातली गेली आहेत आणि ते हंस भारतात दिसलेले आहेत. भारतातल्या कड्यांवर बहुधा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं नाव असतं. माहिती त्यांनाच कळवा. एक अक्षर वाचता आलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाजाने भरू नका.