नोकरशाहीवरचे वेबर यांचे विवेचन कसे वाचावे

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांचा अभ्यास करणारे बहुतेक विद्यार्थी नोकरशाहीच्या लक्षणांपासून सुरुवात करतात आणि लेखी नियम, अधिकारांची उतरंड, परीक्षेने निवड, ठरलेला पगार एवढे पाठ झाले की थांबतात. माझ्या मते, आधी या व्यवस्थेने कशाची जागा घेतली ते पाहावे. पद ही जिथे धारकाची मालमत्ता होती आणि निवाडा त्याच्या मर्जीवर अवलंबून असे, तिथे समोरची व्यक्ती कोण आहे हे न पाहता नियम लावणारा पगारी अधिकारी ही सामान्य माणसाची मोठी सुटका होती. नोकरशाहीच्या या चित्राला वेबर ‘आदर्श प्ररूप’ म्हणतात; त्यातला आदर्श म्हणजे अनुकरणीय नव्हे, हेही लक्षात ठेवावे; ती तुलनेसाठी घडवलेली मोजपट्टी आहे.

त्यानंतर १९०४-०५ सालच्या, प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांवरील निबंधाची अखेरची पाने वाचावीत. आधुनिक अर्थव्यवस्था माणसाला कशी जखडते हे सांगणारी तिथली ‘लोखंडी पिंजरा’ ही प्रतिमा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅलकट पार्सन्स यांच्या १९३० सालच्या इंग्रजी अनुवादातून रूढ झाली. मूळ जर्मन शब्दांचा अर्थ ‘पोलादासारखे कठीण कवच’ असा आहे. हा भेद किरकोळ नाही, कारण पिंजऱ्यात माणूस कोंडला जातो, तर कवच अंगावर चढते आणि आतल्या माणसालाही आपला आकार देते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४० साली हाच मुद्दा कचेरीत शोधला: नियमपालनाची सवय इतकी मुरते की साधन हेच साध्य बनते.

सर्वाधिक वेळ मात्र १९१७ साली वृत्तपत्रात लिहिलेल्या आणि १९१८ साली पुस्तिकारूपाने आलेल्या, जर्मनीतील संसदेविषयीच्या लेखांना द्यावा, कारण व्यक्तिस्वातंत्र्याचा थोडा तरी अंश कसा वाचवायचा, हा प्रश्न वेबर तिथे उघडपणे विचारतात. प्रशासनाचे बळ तज्ज्ञतेइतकेच गोपनीयतेत असते, म्हणून संसदेला चौकशीचा अधिकार हवा, असे ते सांगतात. भारतातील २००५ सालचा माहिती अधिकार कायदा यासोबत वाचावा. तिथे माहिती मागण्याचा अधिकार थेट नागरिकाच्या हाती येतो.

शेवटी आपल्या ओळखीचा एखादा नियम, उदाहरणार्थ रहिवासी दाखल्याची अट, घेऊन दोन प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत: हा नियम नसता तर निर्णय कोणाच्या मर्जीवर गेला असता, आणि तो असल्यामुळे कोणाची खरी अडचण कागदावर उमटतच नाही? दोन्ही उत्तरे एकाच पानावर लिहावीत.