समृद्धी महामार्गावर छोटी गाडी वेगात चालवताना

समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा असली, तरी नऊशे-साडेनऊशे किलो वजनाची हॅचबॅक 100 च्या आसपासच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण वेग 80 वरून 120 वर नेला की ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबायला सुमारे सव्वादोन पट अंतर लागते. निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरावी आणि टायरच्या बाजूला भेग किंवा फुगवटा नाही ना, हे हाताने चाचपून पाहावे.

हलक्या गाडीची खरी परीक्षा कंटेनरला ओलांडताना होते. त्याच्या आडोशाला वारा अडतो आणि आडोसा संपताच आडवा झोत बसून गाडी बाजूला सरकते. अशा वेळी स्टिअरिंग दोन्ही हातांनी, पण न आवळता धरावे, ॲक्सिलरेटर स्थिर ठेवावा आणि दिशा अगदी हलक्या हाताने सावरावी. झटका दिला तर गाडी उलट बाजूला डोलू लागते. वळणाचा वेग वळणाआधीच उतरवावा. डिकीत सामान असेल, तर जड बॅगा मागच्या सीटला टेकवून तळाशी ठेवाव्यात, नाहीतर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सैल वाटू लागते.