ई-क्लासचे मागचे शॉकअप बदलायचेत? कोणते घ्यावेत ते असं ठरवा

चाकणला जुळवलेली डब्ल्यू 212 मालिकेची मर्सिडीज ई-क्लास (2009 ते 2016) आता सेकंडहँड बाजारात आवाक्यात आली आहे. एवढ्या वयाच्या गाडीत मागच्या शॉकअपचा खर्च कधी ना कधी निघतोच. त्यात या गाडीचा मालक बहुधा मागे बसतो, म्हणजे चूक झाली की दणके त्यालाच.

आधी दोष शॉकअपचाच आहे ना, ते बघा. गाडी रॅम्पवर घ्या. नळी नुसती ओलसर असून तिच्यावर धूळ चिकटलेली असेल तर घाबरू नका. तेलाचा ओघळ खालच्या बुशपर्यंत (जोडावरच्या रबरी गोट्यापर्यंत) आला असेल तर मात्र शॉकअप गेला. टायरवरून तळहात फिरवा. उंचसखल चट्टे हाताला लागले, स्पीडब्रेकरनंतर मागची बाजू झुलत राहिली, तर संशय पक्का. नुसतीच खटखट असेल तर वरचं माउंटिंग (शॉकअप बॉडीला जिथे जोडतो ती जागा) आणि लिंकचे, म्हणजे सस्पेन्शनच्या दांड्यांचे, बुश आधी तपासा. डिकी दाबून सोडण्याच्या परीक्षेवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. अर्धवट गेलेला शॉकअप त्यात सहज पास होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: गाडी कारखान्यातून कोणतं सस्पेन्शन घेऊन निघाली? साध्या सेडानमध्ये स्टीलची स्प्रिंग आणि 'ॲजिलिटी कंट्रोल' शॉकअप असतो. नाव ऐकून इलेक्ट्रॉनिक वाटतं, पण तो निव्वळ यांत्रिक. छोट्या हादऱ्यांना आतला झडपेचा मार्ग तेल सहज जाऊ देतो, मोठ्या हालचालीला शॉकअप कडक होतो. त्याला वायर नसते. वायर दिसली तर प्रकरण वेगळं आहे. एअरमॅटिक या मर्सिडीजच्या सस्पेन्शनमध्ये हवेची स्प्रिंग असते, आणि ई 63 एएमजी या दमदार ई-क्लासमध्ये तर पुढे स्टील, मागे हवा! म्हणून 'ई-क्लासचा मागचा शॉकअप द्या' एवढ्यावर माल घेऊ नका. 17 अक्षरी चेसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या आणि जुन्या शॉकअपवरच्या नंबराशी ताडून पाहा. तो ए ने सुरू होतो. पुढचे तीन आकडे सहसा मालिकेचे.

मर्सिडीजच्या नावाच्या डब्यातला शॉकअप परवडत नसेल तर बिलस्टीन किंवा झॅक्स कंपनीचा घ्या. मर्सिडीजला 1957 पासून गॅसचे शॉकअप पुरवणारी बिलस्टीन इथे परकी नाही. तिचा बी 4 मूळ चालीचा, बी 6 त्याहून कडक. मागे आईवडील बसणार असतील तर बी 4 च घ्या. उघडून, तेल भरून विकलेले रिकंडिशन शॉकअप मला फुकटही नकोत.

घ्यायचे ते जोडीनेच. सोबत बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारं रबर), धूळरोधक रबर आणि नवे नट मागवा. जुनी रबरं भुगा झालेली असतात.

बसवताना मेकॅनिकला दोन गोष्टी बजावा. इथे स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असते, तेव्हा जुना सोडण्याआधी खालच्या आर्मला जॅकचा आधार हवा. आणि खालचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच, नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

नुसत्या शॉकअपने अलाइनमेंट बिघडत नाही. नंतरही मागून घूं-घूं आली तर ती चट्टे पडलेल्या टायरची असू शकते; टायर पुढे-मागे करून पाहा. आवाज पुढे सरकला, तर तो टायरचाच.